प्लाझ्मा आणि कॅटलिस्टने हवा शुद्ध करताय? कोकणात या चुका टाळा

लोटे-परशुराम, महाड, रोहा या पट्ट्यातले रसायन कारखाने असोत, रत्नागिरीकडची मासळीची युनिटं असोत की वेंगुर्ल्याकडचे काजूचे कारखाने. शेजारच्या वाडीतून वासाची तक्रार आली की हल्ली कोणीतरी ‘प्लाझ्मा बसवा’ असं सुचवतंच. सल्ला चुकीचा नाही. पण कॅटलॉगमधले आकडे ज्या हवेत काढलेले असतात ती हवा कोकणात वर्षातले जेमतेम काही आठवडे मिळते, हे सांगायचं मात्र सगळे विसरतात. यंत्र बसतं, डिसेंबरात झकास चालतं आणि जूनपासून रडगाणं सुरू होतं. हा लेख त्या रडगाण्याबद्दल आहे.

आधी थोडक्यात, यंत्र करतं काय. दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये काच किंवा सिरॅमिकचा थर ठेवतात, काही मिलिमीटरच्या फटीतून हवा सोडतात आणि काही हजार व्होल्टचा एसी दाब देतात. फटीत निळसर-जांभळ्या ठिणग्यांचं बारीक जाळं उठतं. या जाळ्याला डिस्चार्ज म्हणतात, आणि त्यात तयार होणाऱ्या विद्युतभारित वायूला प्लाझ्मा. सीमेन्सने १८५७ साली ओझोन तयार करायला हीच रचना वापरली होती, त्यामुळे यात ‘नासाचं तंत्रज्ञान’ वगैरे काही नाही. गंमत अशी की इलेक्ट्रॉन हजारो अंशांना तापल्यासारखे वागतात आणि हवा मात्र कोमटच राहते. हे इलेक्ट्रॉन ऑक्सिजन, नायट्रोजन आणि पाण्याचे रेणू फोडतात. त्यातून ऑक्सिजनचे सुटे अणू, हायड्रॉक्सिल आणि ओझोन तयार होतात, आणि ते टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटच्या वाफांवर किंवा मासळीच्या वासातल्या अमाइनवर (अमोनियाच्या जातीच्या संयुगांवर) तुटून पडतात. पण नुसता प्लाझ्मा काम अर्धवट सोडतो. अर्धवट जळलेले तुकडे आणि उरलेला ओझोन यांचा निकाल लावायला कॅटलिस्ट (उत्प्रेरक, म्हणजे क्रिया वेगाने घडवून आणणारा पदार्थ) लागतो. उलट, एकट्या कॅटलिस्टला साधारण २५० ते ४०० अंश तापमान हवं असतं. दोघांची जोडी जमली तर तेच काम शंभर अंशांच्या आत होतं. जोडी लावायची ती एवढ्यासाठी.

एक गैरसमज इथेच बाजूला काढू. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने रुग्णालयांच्या कचऱ्याची विल्हेवाट लावण्यासाठी जी ‘प्लाझ्मा पायरोलिसिस’ यंत्रणा विकसित केली ती वेगळी. तिथे सगळाच वायू भट्टीसारखा तापवतात. त्या यंत्राची कीर्ती ऐकून चिमणीवर बसवायच्या थंड प्लाझ्माची ऑर्डर देऊ नका. नाव सोडलं तर दोघांत फारसं सारखं नाही.

कोरड्या हवेतले आकडे खरे धरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो.

ऑगस्टमधली हवा घ्या. तापमान २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के. या हवेत आकारमानाने सुमारे ३.२ टक्के, म्हणजे ३२,००० पीपीएम (दहा लाख भागांत ३२,०००) पाण्याची वाफ असते. तुमचं प्रदूषक १०० पीपीएम धरलं तर त्याच्या एका रेणूमागे पाण्याचे ३२० रेणू झाले. मासळीच्या वासाची गोष्ट तर आणखी वेगळी. ट्रायमिथाइल अमाइन इतक्या कमी प्रमाणात नाकाला कळतं की तक्रार येते तेव्हा हवेत ते एखादा पीपीएमही नसेल. कॅटलिस्टच्या पृष्ठभागावर जागा मोजक्याच असतात आणि त्या जागांसाठी ही एवढी गर्दी.

या कामाला मँगनीज डायऑक्साइड सर्रास वापरतात, कारण स्वस्त आहे आणि ओझोन तोडण्यात हुशार आहे. ओझोनचा रेणू त्यावर तुटतो, ऑक्सिजनचा एक अणू पृष्ठभागावर चिकटून राहतो आणि तोच अणू पुढे प्रदूषकाला जाळतो. पाण्याचे रेणू नेमके त्याच जागा अडवतात. परिणाम दुहेरी होतो: प्रदूषक जळत नाही आणि ओझोनही न तुटता चिमणीतून बाहेर जातो. मँगनीज-तांब्याच्या ऑक्साइडचं मिश्रण, ज्याला बाजारात हॉपकॅलाइट म्हणतात, ते तर ओलाव्यापुढे आणखी लवकर हात टेकतं.

पाणी पूर्ण वाईट असतं असंही नाही. थोड्या वाफेतून हायड्रॉक्सिल तयार होतं आणि ते बऱ्याच प्रदूषकांवर ओझोनपेक्षा जास्त धारदार चालतं. म्हणून हवा ठणठणीत कोरडी करायच्या मागे लागू नका. तो खर्चही परवडणारा नाही. कॅटलिस्टपाशी पोचणाऱ्या हवेची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास आणली तरी खूप फरक पडतो.

ती आणायची कशी? सोपा हिशोब आहे. २८ अंश आणि ८५ टक्क्यांची हवा नुसती ४० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ४३ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच असतं, पण तापलेल्या हवेची ते धरून ठेवायची ताकद वाढते. आणि ही ऊब बऱ्याचदा फुकट मिळते, कारण प्लाझ्माला दिलेली बहुतेक वीज शेवटी उष्णताच होते. लिटरमागे २० ज्यूल दिले तर हवा १६-१७ अंशांनी तापू शकते. अट एवढीच की ती ऊब कॅटलिस्टपर्यंत पोचली पाहिजे. प्लाझ्मा चेंबर शेडमध्ये, कॅटलिस्टची टाकी बाहेर पावसात आणि मध्ये उघडा, ओला, इन्सुलेशन नसलेला डक्ट. अशी मांडणी इकडे बघायला मिळते. त्या डक्टमध्येच सगळी ऊब मरते आणि वर पाणी साचतं ते निराळंच. डक्टला इन्सुलेशन करा, अंतर कमी ठेवा, उतार चेंबरच्या उलट दिशेला ठेवा आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक लावा.

प्लाझ्माच्या आधी पाण्याचा स्क्रबर (हवा धुणारी टाकी) असेल तर लक्षात ठेवा, स्क्रबरमधून निघालेली हवा बारा महिने शंभर टक्के ओली असते. तिथे डिसेंबर आणि जुलै यांत फरक नाही. स्क्रबरनंतर थेंब अडवणारा डिमिस्टर आणि त्यापुढे थोडा हीटर, हे दोन्ही लागतातच. कोटेशन कमी करायला बहुतेक वेळा हेच दोन कापले जातात.

खारी हवा आणि पहाटेचा ट्रिप

‘साहेब, यंत्र पहाटे ट्रिप होतं, दहानंतर आपोआप नीट चालतं.’ किनाऱ्यावरच्या युनिटमधून येणारी ही ठरलेली तक्रार. मग ट्रान्सफॉर्मर बदलतात, कार्ड बदलतात, महावितरणला शिव्या घालतात. दोष बहुधा हाय व्होल्टेजच्या बुशिंगवर (तार चेंबरमध्ये शिरते तिथल्या इन्सुलेटरवर) बसलेला असतो.

वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे कण इन्सुलेटरवर बसतात. कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही. पण साध्या मिठाचे स्फटिक आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतात, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, जे त्याच्या कितीतरी आधीच ओलसर होतं. पहाटे आर्द्रता चढते, इन्सुलेटरवर खारट पाण्याचा अदृश्य थर तयार होतो आणि प्लाझ्माच्या फटीऐवजी वीज त्या थरावरून सरपटत अर्थिंगकडे जाते. ऊन चढलं की थर सुकतो आणि यंत्र पुन्हा शहाणं होतं.

पॅनेल बंद करून, अर्थिंग रॉड लावून, कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून बुशिंग जवळून बघा. बोटाला खरखरीत लागणारा पांढुरका थर असतो आणि त्यात नदीच्या उपनद्यांसारख्या फाटे फुटलेल्या बारीक तपकिरी-काळ्या रेघा दिसतात. रेघ दिसली की ते बुशिंग पुसून भागत नाही. ती जळलेली वाट असते आणि वीज पुढच्या वेळीही तीच वाट धरते. बदलावंच लागतं. नुसता पांढरा थर असेल तर डीमिनरलाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, मेगर करून (इन्सुलेशनचा रोध मोजून) मगच चालू करा. बोअरच्या पाण्याने धुणं म्हणजे एक क्षार काढून दुसरा बसवणं.

कायमचा इलाज म्हणजे बुशिंगचा कप्पा वेगळा ठेवायचा आणि त्यात थोडी कोरडी, गाळलेली हवा सतत सोडायची, म्हणजे बाहेरची खारी हवा आत येतच नाही. किनाऱ्यालगतच्या सबस्टेशनमध्ये इन्सुलेटरवर सिलिकॉनचं आरटीव्ही कोटिंग देतात, तेही इथे उपयोगी पडतं. आणि थंड करायच्या पंख्याचं तोंड समुद्राकडे ठेवू नका. सांगायची गरज नसावी असं वाटतं, पण पडते.

‘वास गेला, काम झालं’

वेंगुर्ल्याकडच्या एका युनिटमध्ये ऑपरेटरने एका वाक्यात सगळं निदान करून टाकलं होतं: ‘साहेबांनू, मशीन लावल्यार वास जाता खरो, पण दुपारपासून डोळे चुरचुरतत.’ मालकाच्या मते मशीन उत्तम चालू होतं, कारण मीटर शून्य दाखवत होता.

तो मीटर होता पीआयडी, म्हणजे फोटोआयनायझेशन डिटेक्टर; अतिनील दिव्याने ज्या रेणूंचं आयनीभवन होतं तेवढेच तो मोजतो. सॉल्व्हंटच्या वाफा मोजायला हा हाताळायला सोपा असतो आणि त्यात बहुधा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा दिवा असतो. या दिव्याला फॉर्माल्डिहाइड दिसत नाही, कारण त्याचं आयनीभवन व्हायला १०.८८ लागतात. फॉर्मिक आम्ल दिसत नाही, कार्बन मोनॉक्साइड तर अजिबात नाही. म्हणजे प्लाझ्माने मोठा रेणू तोडून जे अर्धवट तुकडे केले, नेमके तेच मीटरला दिसत नाहीत. शिवाय दमट हवेत पीआयडीचा आकडा मुळातच कमी येतो. शून्याचा अर्थ ‘काही उरलं नाही’ असा होत नाही.

खरी परीक्षा कार्बनच्या जमाखर्चाची. टोल्युइनच्या रेणूत कार्बनचे सात अणू असतात. आत जाणारं १०० पीपीएम टोल्युइन पूर्ण जळलं तर बाहेर कार्बन डायऑक्साइड ७०० पीपीएमने वाढायला हवा. आत आणि बाहेर दोन्हीकडे मोजा, कारण साध्या हवेतही तो चारशेच्या वर असतोच. वाढ ३०० पीपीएमचीच दिसली तर उरलेल्या कार्बनचा हिशोब लागायला हवा. तो मोनॉक्साइड होऊन बाहेर गेला असेल, फॉर्माल्डिहाइड किंवा बेन्झाल्डिहाइड झाला असेल, किंवा कॅटलिस्टवर आणि काचेवर तपकिरी, चिकट थर होऊन बसला असेल. शेवटची शक्यता तपासायला यंत्र उघडलं तरी पुरतं.

नव्या कॅटलिस्टच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. सच्छिद्र कॅटलिस्ट पहिले काही तास प्रदूषक नुसतं शोषून घेतो. प्लाझ्मा बंद असतानाही बाहेरचा आकडा खाली जातो. याच तासांत डेमो दिला जातो, टाळ्या मिळतात, चेक निघतो. आधी प्लाझ्मा बंद ठेवून बाहेरचा आकडा आतल्याइतका होईपर्यंत थांबा, म्हणजे शोषण पूर्ण होऊ द्या, आणि मगच प्लाझ्मा लावून फरक बघा. शेवटी तो बंद करून पुन्हा बघा. फक्त प्लाझ्मा, तेवढ्याच तापमानाचा फक्त कॅटलिस्ट आणि दोन्ही एकत्र, अशा तीन वेगळ्या चाचण्या केल्याशिवाय ‘दोघांचा एकत्रित फायदा’ हे शब्द रिपोर्टात लिहू नका. विशेषतः इंजिनिअरिंगच्या मुलांना हे सांगणं आहे, कारण प्रोजेक्टमध्ये तिसरी चाचणीच तेवढी केलेली असते.

आणि डोळे चुरचुरण्याचं काय? ते ओझोनचं काम. आपल्या राष्ट्रीय मानकात आठ तासांसाठी ओझोनची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे साधारण ०.०५ पीपीएम. नाकाला तो त्याच्याही आधी कळतो, पण काही वेळाने नाक सरावतं. त्यामुळे दिवसभर यंत्रापाशी बसणाऱ्या माणसाला ‘वास येतो का’ असं विचारण्यात अर्थ नाही. ओझोनचा वेगळा मीटर चिमणीच्या तोंडाशी एक आणि माणूस बसतो तिथे एक, असे दोन हवेत.

ओझोनचा आकडा अचानक शून्य झाला म्हणूनही खूश होऊ नका. चेंबर जास्त तापला किंवा पॉवर फार चढवली की नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात आणि ते ओझोनला खाऊन टाकतात. मीटरवर ओझोन नाही, पण बाहेर नायट्रोजन डायऑक्साइड जातोय. ओल्या हवेत त्याचंच नायट्रिक आम्ल होतं आणि डक्टचे जोड हिरवट-तपकिरी होऊन खायला लागतात. यात भर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइडचे इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर ओझोनलाही प्रतिसाद देतात. दोन्ही वायू एकत्र असतील तर कोणता आकडा कोणाचा, हे त्या सेन्सरला विचारून कळत नाही.

विजेचा हिशोब उलट्या बाजूने करणं

विक्रेता ‘फक्त दोन किलोवॅट’ म्हणतो. आपण विचारायचं: किती हवेला? या धंद्यात खरा आकडा लिटरमागे ज्यूल हा आहे. तासाला २,००० घनमीटर हवा म्हणजे सेकंदाला सुमारे ५५६ लिटर. लिटरमागे २० ज्यूल लागले तर ११ किलोवॅट. १०० लागले तर ५५ किलोवॅट, आणि चोवीस तास चालवलं तर दिवसाला १,३०० च्या वर युनिट. प्रयोगशाळेतल्या निबंधांत ‘९५ टक्के निर्मूलन’ असतं तिथे लिटरमागे शंभर-दोनशे ज्यूल सहज लिहिलेले असतात. तिथे हवा मिनिटाला एखादा लिटर असते, त्यामुळे कोणाला जाणवत नाही. त्या दोन किलोवॅटला वरच्या हवेने भागलं तर लिटरमागे चार ज्यूलही येत नाहीत.

हे आकडेही डिस्चार्जमध्ये प्रत्यक्ष गेलेल्या पॉवरचे असतात. ट्रान्सफॉर्मरमधला तोटा वर वेगळा. डिस्चार्जची पॉवर मोजायला इलेक्ट्रोडच्या मालिकेत कपॅसिटर लावून ऑसिलोस्कोपवर लिसाजू आकृती काढतात. तिच्या क्षेत्रफळातून एका चक्राची ऊर्जा मिळते, तिला फ्रिक्वेन्सीने गुणायचं. बसवून देणाऱ्याने ही आकृती दाखवली नाही तर मागा.

म्हणून माझं मत: हवा भरपूर आणि प्रदूषक थोडं, अशा ठिकाणीच प्लाझ्मा शोभतो. सॉल्व्हंट हजार पीपीएमच्या वर असेल तर साधा थर्मल ऑक्सिडायझर (वाफा जाळणारी भट्टी) बरा, कारण तिथे सॉल्व्हंट स्वतःच इंधनाचं काम करतो. प्रदूषक अगदीच थोडं असेल तर ते आधी झिओलाइटवर (सच्छिद्र खनिजावर) साठवून, तो भरला की थोडा वेळ प्लाझ्मा लावून जाळायचं, ही पद्धतही अभ्यासली गेली आहे. विजेची बचत मोठी होते, पण वेळापत्रक सांभाळणारा माणूस लागतो.

कॅटलिस्ट भलत्या जागी

ऑक्सिजनचे सुटे अणू आणि हायड्रॉक्सिल साध्या हवेच्या दाबाला मिलिसेकंदाच्या आतच संपतात. तेवढ्या वेळात हवा फार तर काही मिलिमीटर पुढे सरकते. म्हणजे कॅटलिस्ट हातभर लांब ठेवला की त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त ओझोन आणि अर्धवट तुकडे. त्यात काही वाईट नाही, पण मग कॅटलिस्टही ओझोन तोडणाराच निवडायला हवा. तिथे टायटॅनियम डायऑक्साइड लावून ‘प्लाझ्माच्या प्रकाशाने तो जागा होतो’ असं सांगणारे भेटतात. हवेतल्या डिस्चार्जचा अतिनील प्रकाश इतका क्षीण असतो की त्याच्या भरवशावर काही होत नाही.

कॅटलिस्ट फटीतच ठेवला तर सगळ्या अल्पायुषी कणांचा फायदा मिळतो, पण डिस्चार्जचा स्वभाव बदलतो. गोळ्या ठासून भरल्या की ठिणग्यांऐवजी पृष्ठभागावर सरकणारा डिस्चार्ज होतो, हवेचा दाब अडतो, ब्लोअरवर ताण येतो. धातूचं प्रमाण जास्त असलेल्या गोळ्या एकमेकींना टेकल्या तर सरळ शॉर्ट. हैदराबादच्या आयआयटीत स्टेनलेस स्टीलच्या बारीक धाग्यांच्या जाळीवर मँगनीज आणि कोबाल्टच्या ऑक्साइडचा लेप देऊन तीच जाळी इलेक्ट्रोड म्हणून वापरण्यावर काम झालं आहे. कल्पना सुरेख आहे. आपल्याकडच्या छोट्या युनिटला मात्र मी कॅटलिस्ट वेगळ्या, उघडता येणाऱ्या ट्रेमध्ये ठेवायलाच सांगतो. पावसाळ्यात तो काढावा लागतोच, आणि हाय व्होल्टेजच्या चेंबरमधून गोळ्या उपसणं हे रोजच्या फिटरचं काम नव्हे.

प्लाझ्माला काहीही खायला घालणं

काजूची टरफलं जाळलेला धूर थेट प्लाझ्मात सोडला तर आठवड्याच्या आत काचेवर डांबर बसतं. टरफलातल्या तेलाची वाफ थंड जागा शोधते आणि तुमचा चेंबर ही तिला सापडलेली पहिली थंड जागा असते. आधी धूर थंड करा, डांबर आणि राख वेगळी काढा.

मासळीच्या युनिटला तर मी आधी साधा स्क्रबरच सुचवतो. अमाइन अल्कधर्मी असतात, सौम्य आम्लाच्या पाण्यात सरळ विरघळतात. हायड्रोजन सल्फाइडला दुसऱ्या टप्प्यात कॉस्टिक आणि हायपोक्लोराइट. दोन्ही रसायनं एका टाकीत मात्र कधीही नकोत; आम्ल आणि हायपो एकत्र आले की क्लोरीन सुटतो. एवढ्यानेच वासाचा मोठा भाग जातो. सल्फाइड न काढता प्लाझ्मात सोडलं तर त्याचं सल्फेट होऊन मँगनीजवर कायमचं बसतं आणि ते वाळवूनही जात नाही. जागा असेल तर काथ्या आणि कंपोस्टचा बायोफिल्टर (ज्यातले सूक्ष्मजीव वास खाऊन टाकतात) हा पर्यायही डोक्यात ठेवा. त्याला ओलावा लागतोच, म्हणजे कोकणातली हवा तिथे आपल्या बाजूने असते. प्लाझ्मा शेवटच्या, उरलेल्या वासासाठी.

क्लोरीन असलेले सॉल्व्हंट? नाही. औषधांच्या कारखान्यांत मिथिलीन क्लोराइडसारखे सॉल्व्हंट सर्रास असतात. असे रेणू अर्धवट तुटले की हायड्रोजन क्लोराइड, क्लोरीन, आणि काही सॉल्व्हंटमधून फॉस्जीनसुद्धा निघतो. तिथे कंडेन्सर आणि कार्बन लावा.

लाईट जाते तेव्हा

कोकणात वळवाचा पाऊस आणि वीज यांचं नातं सगळ्यांना माहीत आहे. लाईट गेली, ब्लोअर थांबला, पण प्रोसेसमधून वाफ येतच राहिली, चेंबर सॉल्व्हंटने भरला. लाईट आली आणि हाय व्होल्टेज आपोआप चालू झालं. टोल्युइनची स्फोटाची खालची मर्यादा सुमारे १.१ टक्के आहे आणि प्लाझ्मा म्हणजे मुद्दाम पेटवलेल्या लाखो ठिणग्या. याला चूक म्हणायचं की काय, ते अपघातानंतर इन्स्पेक्टर ठरवतो.

हाय व्होल्टेजला आपोआप चालू होण्याची मुभा नको. आधी ब्लोअर, मग चेंबरची हवा अनेकदा पूर्ण बदलेल इतका वेळ नुसती फुंकणी, मग गॅस डिटेक्टरची परवानगी, आणि मग माणसाने हाताने बटण दाबायचं. डिटेक्टर स्फोटमर्यादेच्या २५ टक्क्यांवर ट्रिप व्हायला हवा. हवेच्या प्रवाहाचा स्विच ब्लोअरच्या मोटरला नको, डक्टमध्ये हवा. पट्टा तुटला तरी मोटर फिरतच असते. आणि डिटेक्टरचा सेन्सर त्याच खाऱ्या हवेत असतो, त्यामुळे कॅलिब्रेशन पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा.

होम-स्टेच्या खोलीत

बुरशीचा कुबट वास घालवायला काहीजण ‘प्लाझ्मा’ किंवा ‘आयन’ लिहिलेलं खोलीतलं यंत्र आणतात. यातली बरीच यंत्रं कॅटलिस्टशिवाय नुसता ओझोन सोडतात. लिंबाच्या वासाच्या फिनेलने फरशी पुसलेली असेल तर त्यातल्या लिमोनीनशी ओझोनची प्रक्रिया होऊन फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. कॅलिफोर्नियात घरातल्या अशा यंत्रांना ०.०५० पीपीएम ओझोनची कायदेशीर मर्यादा आहे. बुरशी भिंतीत असते. कौल सरकलंय का ते बघा आणि भिंत सुकवा.

आगोटीची (पावसाळ्याआधीची) कामं आणि ऑगस्टची सुरुवात

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मासळीची बरीच युनिटंही थंडावतात. यंत्र तसंच सोडून दिलं जातं आणि ऑगस्टमध्ये, वर्षातल्या सगळ्यात दमट दिवसांत, एकदम फुल लोडवर चालू होतं. वर लिहिलेले अर्धे बिघाड याच एका सकाळी होतात.

मे महिन्यातच कॅटलिस्टचे ट्रे काढा, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत सिलिका जेलसकट बांधून कोरड्या खोलीत ठेवा. काच कोमट साबणपाण्याने, मग डीमिनरलाइज्ड पाण्याने धुऊन सुकवा. काचेला केसासारखा तडा आहे का ते बॅटरीच्या उजेडात तिरकं धरून बघा. तडा गेलेली काच पहिल्याच पावसात फुटते. इनलेट आणि चिमणीकडची बाजू ब्लाइंड फ्लँजने (बोल्टच्या बंद झाकणाने) बंद करा. पॅनेलमधला छोटा हीटर मात्र चालूच ठेवा. ‘बंद यंत्राला लाईट कशाला’ म्हणून तो बंद करतात आणि मग कार्डांवर हिरवळ येते.

ऑगस्टमध्ये ट्रे परत बसवल्यावर आधी काही तास शंभर अंशांच्या वरची गरम हवा कॅटलिस्टमधून सोडा; किती वरची, ते कॅटलिस्ट बनवणाऱ्याला विचारा. तपकिरी थर बसला असेल तर एवढ्याने जात नाही, त्याला बरंच जास्त तापमान लागतं आणि ते जागेवर करू नये. मग बुशिंगचा मेगर. मग कमी व्होल्टेज, नुसती स्वच्छ हवा, आणि चिमणीवर ओझोन मोजायचा. स्वच्छ हवेतच ओझोन जास्त येत असेल तर कॅटलिस्ट अजून ओला आहे किंवा संपला आहे. प्रोसेस जोडायची घाई नको.

नवी खरेदी असेल तर ऑर्डरवर एक ओळ वाढवा: ‘कामगिरीची चाचणी ऑगस्टमध्ये, जागेवर, इनलेटच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना, मोजायचं ते आतलं-बाहेरचं प्रदूषक, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, फॉर्माल्डिहाइड, ओझोन, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि डिस्चार्जची पॉवर, शेवटचा हप्ता त्यानंतर.’ ही ओळ वाचून काही विक्रेते फोन उचलायचं बंद करतात. जे उचलतात त्यांच्याशी मग किमतीचं बोला.